सत्तेचाळीस नंबरचं कुलूप

खाणवस्ती, निगडीच्या मागे
१३ फेब्रुवारी, गुरुवार

धम्मा,

जय भीम. 'प्रिय' लिहायचं की नाही, ते नंतर ठरवेन.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, त्याला मे महिन्यात तीन वर्षं होतील. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. वाकडच्या टॉवरचा पत्ता तुझ्या लग्नपत्रिकेच्या पाकिटावर होता. पाकीट मी जपून ठेवलंय. पत्रिकेत वधूच्या घरची अकरा नावं होती आणि आपल्या घरचं तुझं एकट्याचं, तरीही ठेवलंय.

भांडायला लिहीत नाहीये. भांडण झालेलं आहे, ते जागच्या जागी राहू दे. काम आहे आणि ते घराचं आहे.

पक्क्या घरांसाठी वस्तीत सर्वे झाला. दोन तारखेला, रविवारी, एजन्सीची पाच पोरं टॅब घेऊन आली आणि दुपारपर्यंत सगळ्या गल्ल्या उरकून गेली. परवा यादी लागली. दोनशे बारा घरांपैकी एकसष्ट घरांपुढे शेरा आहे: 'कुलूप बंद, वास्तव्य नाही.' त्यात आपलं सत्तेचाळीस नंबर आहे. आईने ज्या घरात शेवटचा श्वास घेतला, आणि आज सकाळी मी ज्या घरात तुझ्या नावाने बोटं मोडत पोहे केले, तिथे म्हणे कुणी राहतच नाही!

तू विसरला असशील म्हणून सांगते, आपल्याकडे रविवार नसतो. या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. रविवारी समोरचे ज्योतीरामभाऊ चाकणला प्रेसशॉपमध्ये असतात, विजयश्री महाळुंग्याला पॅकिंगला जाते, आणि बाकीच्या बायका प्राधिकरणातल्या बंगल्यांत धुण्याभांड्याला, कारण तिथे रविवारी पाहुणे येतात. वस्तीत मागे उरतात म्हातारी माणसं, कोंबड्या आणि कुलपं. कुणी ठरवला हा रविवार कोण जाणे. ऑफिसात बसणाऱ्यांना वाटतं, अख्ख्या जगाला आपल्यासारखीच सुट्टी असते. मी त्या दिवशी कामानिमित्त बाहेर होते, नाहीतर एकेकाला हात धरून फिरवलं असतं.

यादीतून नाव गेलं की पक्कं घर गेलं, हे तुला समजावून सांगायला नको. हरकत घ्यायची तर ज्याच्या नावावर घराचा फोटोपास आहे त्याने स्वतः दारात उभं राहायचं. आपला फोटोपास तुझ्या नावावर आहे. आबांनी शेवटच्या आजारपणात, मुलगा म्हणून, तुझ्या नावावर केला. तू तेव्हा अठरा वर्षांचा होतास. मी एकोणतीस वर्षांची, नऊ वर्षं घर चालवणारी, तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. तेव्हा गप्प राहायची हौस होती. आता नाही.

ये. श्रद्धाला आणायचं तर आण, तिच्यापासून लपवायचं तर लपव. एक दिवस दारात उभा राहा, आधार कार्ड दाखव आणि जा. चहासुद्धा विचारणार नाही, हवं तर.

अक्का


२७ फेब्रुवारी, गुरुवार

धम्मा,

पत्राला उत्तर नाही. हे रजिस्टर करते आहे, म्हणजे 'मिळालंच नाही' असं म्हणायची सोय राहणार नाही.

गेल्या गुरुवारी आम्ही शेरा बसलेली कुटुंबं घरांच्या योजनेच्या ऑफिसात गेलो. आपल्याला सुट्टी आणि ऑफिस चालू, याच्याइतकी सोय दुसरी नाही. मोर्चा नव्हता. घोषणा नाही, झेंडा नाही, प्रत्येकाने पोराबाळांसकट, डबा घेऊन रांगेत उभं राहायचं एवढाच कार्यक्रम. दहा वाजता रांग जिन्यावर होती, अकराला फाटकाबाहेर गेली. रांगेतच डबे उघडले. शिपायाला विजयश्रीने ठेचा-भाकरी दिली, त्याने आम्हाला पंखा लावून दिला.

शेवटी साहेब बाहेर आले. पुढे यशोदाबाई होत्या. आपल्या गल्लीच्या तोंडाशी राहतात त्या, मूळच्या इथल्याच, मावळातल्या. त्या साहेबांना म्हणाल्या, "सायेब, तुमच्या कागदावर मी ऱ्हात न्हाई. मंग ही कोन उभी हाय तुमच्या म्होरं? हात लावून बगा. भूत असंल तर हात आरपार जाईल."

साहेब हसले नाहीत, पण तारीख मिळाली. वीस मार्च, गुरुवार, सकाळी दहा ते पाच. पुन्हा एकदाच येणार. त्या दिवशी जो दारात नसेल, त्याचं नाव कायमचं बाहेर.

गुरुवार मिळाला, तरी गुरुवारचीही भानगड असते. ऐन वेळी सुपरवायझर ओव्हरटाइमला बोलावतो. थर्ड शिफ्टवाला आतून कडी लावून असा झोपतो की दार वाजवून हात दुखतात. म्हणून त्या दिवशी मोठा कार्यक्रम ठेवलाय. कार्यक्रम म्हटल्यावर तुझं तोंड वाकडं झालं असेल. झालं तर होऊ दे. नऊ वर्षं दर गुरुवारी मी कार्यक्रमच घेतेय. भीमजयंती आपण दोनदा करतो, एकदा चौदा एप्रिलला आणि एकदा पुढच्या गुरुवारी, चौदाला कामावर असलेल्यांसाठी. खाणीच्या खड्ड्यातला कचरा अकरा गुरुवारांत काढला, तिथे आता मुली कबड्डी खेळतात. प्रमुख पाहुणे बोलावले की मी त्यांना मुद्दाम नाल्याच्या बाजूने चालवत आणते. तीन पाहुण्यांचे बूट बुडाले, मग नाल्यावर स्लॅब पडला. पाण्याचा नळ आणि गल्लीतले दिवेही असेच आले. तू याला 'स्टेजवर मिरवणं' म्हणाला होतास. त्याच स्लॅबवरून लोक आता कोरड्या पायांनी कामाला जातात.

या वेळी फ्लेक्स लावणार आहे. हो, फ्लेक्स! खाणीच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल असा, चाळीस फुटी. त्यावर दोनशे बारा चौकटी, प्रत्येक चौकटीत घराचा नंबर आणि त्या घरातल्या माणसांचे फोटो. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं इथे कोण राहतं ते. फ्लेक्सवाला पिंटू विचारत होता, "ताई, सगळं ठीक, पण वर फोटो कुणाचा?" म्हटलं, कुणाचाच नाही. तो म्हणाला, "असा फ्लेक्स नसतो हो ताई. वरची लाइन मोकळी सोडली तर मशीनलासुद्धा चुकल्यासारखं वाटेल."

वरच्या जागेला गिऱ्हाईक आलंही होतं. वॉर्डातून निवडणुकीला उभे राहू इच्छिणारे एक भाऊ आहेत, माझी थोडी तोंडओळख आहे. ते म्हणाले, वर माझा फोटो टाका, वीस तारखेला मी स्वतः सर्वेवाल्यांसोबत फिरतो, एक घर सुटणार नाही. मी नाही म्हटलं. लोक आपल्या दारात स्वतःच्या जोरावर उभे राहतील, कुणाच्या कृपेने नाही. भाऊ म्हणाले, "विचार करा ताई, तुमच्याही काही गोष्टी आमच्याकडे आहेत." असल्या गोष्टींना मी भीक घालत नाही.

वीस मार्च. दहा ते पाच. लिहून ठेव.

अक्का


९ मार्च, रविवार

धम्मा,

काल तुझं रजिस्टर परत आलं. पोस्टमनने पाकिटावर शेरा मारलाय: 'दार बंद.'

मी पायरीवर बसून इतकी हसले की यशोदाबाई बघायला आल्या. बाविसाव्या मजल्यावरचं घर, खाली गेटवर दोन वॉचमन, आणि तिथेही कुलूप बंद! तू आणि श्रद्धा दिवसभर कामावर, पोस्टमन येणार दुपारी. म्हणजे सरकारी कागदाप्रमाणे तूही वाकडला राहत नाहीस. इथेही नाहीस, तिथेही नाहीस. मग राहतोस कुठे रे?

ते पत्र याच पाकिटात घातलंय. आधी ते वाच, मग हे. आणि आधीच्या दोन्ही पत्रांत जे खोटं आहे ते इथे खरं करते.

कुणी ठरवला रविवार कोण जाणे, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. मीच ठरवला. जानेवारीत एजन्सीचा फॉर्म आला, वस्तीची प्रतिनिधी म्हणून माझ्याकडेच. त्यात एक रकाना होता, 'सर्वेसाठी सोयीचा वार.' मी तिथे रविवार लिहिलं. माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. दोन वर्षं मी प्राधिकरणात पाळणाघरात नोकरी करते, तिथे माझी सुट्टी रविवारी. गुरुवारी संध्याकाळी परत येऊन कार्यक्रम घ्यायचा आणि रविवारी घरी पाय पसरून बसायचं, अंगवळणी पडलं. हात आपोआप रविवारवर गेला. ज्या बाईने या वस्तीला गुरुवारची जत्रा दिली, तिनेच गुरुवार विसरावा!

अजून आहे. त्या रविवारी मी 'कामानिमित्त' बाहेर नव्हते. निगडीला एका हॉलमध्ये माझा सत्कार होता. शाल, नारळ, चांदीसारखं दिसणारं चिन्ह. सत्कार करणारे तेच इच्छुक भाऊ. इकडे आपल्या दाराला कुलूप होतं, टॅबवर 'वास्तव्य नाही' टाइप होत होतं, आणि तिकडे मी शाल सावरत फोटोला उभी होते. भाऊंच्या 'गोष्टी' त्या ह्याच. मंगळवारी त्यांचा माणूस आला, म्हणाला, फ्लेक्सवर फोटो टाकताय की तुमचा रविवार आम्ही लोकांना सांगू?

मी म्हटलं, तुम्ही कशाला तसदी घेता, मीच सांगते.

याच गुरुवारी खड्ड्यातल्या स्टेजवर उभी राहून माइकवर सगळं सांगितलं. रकाना, सही, शाल, सगळं. मग ज्योतीरामभाऊ उठले. "ताई, रविवारची सुट्टी आपली न्हाई, आपला वार गुरुवार, हे तुमीच शिकिवलं. अन् तुमीच इसरल्या?" एवढंच म्हणाले आणि बायकोपोरांना घेऊन निघून गेले. त्यांच्यामागे आणखी दहाबारा घरं उठली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यशोदाबाई तेवढ्या म्हणाल्या, "चुकलीस ना? बास. आता डोळं पूस आन् सांग, ईस तारखंला काय काय करायचं."

त्या माइकसमोर मला तू आठवलास. रविवार लिहिताना मी वस्तीला विचारलं नाही. निगडीच्या चौकात तुझा फ्लेक्स लावताना तुला विचारलं नाही. 'खाणवस्तीचा हिरा, इंजिनिअर धम्मरत्न.' दोन्ही वेळा मला वाटलं, विचारायचं काय त्यात, मला ठाऊकच आहे. बस स्टँडवर उतरलेल्या तुझ्या सासऱ्यांनी तो वाचला आणि तुझी मान खाली गेली. न विचारल्याबद्दल तुझी माफी मागते. तीन वर्षांपूर्वीच मागायला हवी होती.

अभिमान वाटल्याबद्दल मात्र मागणार नाही. आणि तूही एक ऐकून घे. प्राधिकरणात आपला बंगला आहे, असं सासरी मी सांगितलं नव्हतं, तू सांगितलंस. माझ्या फ्लेक्सने तुझी अब्रू घेतली नाही, तुझं खोटं बाहेर काढलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, निदान इंजिनिअरला तरी कळाव्यात.

नव्या फ्लेक्सवर तुझा फोटो मी टाकलेला नाही. सत्तेचाळीसच्या चौकटीत डावीकडे मी आहे, उजवीकडे जागा मोकळी. पिंटू कुरकुरला, मी ऐकलं नाही.

वीस तारखेला नाही आलास तर आपलं घर जाईल. बाकीची वाचतील, आपलं जाईल. माझ्याच चुकीने. आता तुला सगळं माहीत आहे, त्यामुळे येशील तर हे जाणूनच ये.

अक्का


२१ मार्च, शुक्रवार

प्रिय धम्मा,

तू आला नाहीस. तक्रार करायला लिहीत नाही, काय झालं ते सांगायला लिहिते.

काल पहाटे थर्ड शिफ्टच्या बस परत यायच्या आधीच चुली पेटल्या. प्रत्येक दारात रांगोळी, रांगोळीत घराचा नंबर. झोपणाऱ्यांना उठवायचं काम यशोदाबाईंनी मागून घेतलं होतं. परात आणि उलथणं घेऊन त्या गल्लोगल्ली फिरल्या, "उटा रं, सरकार आलंया दारात, उद्या झोपा!" ओव्हरटाइमला बोलावलेल्या सात जणांनी फोनच बंद ठेवले. खाणीच्या भिंतीवर फ्लेक्स चढला. वर एकही पुढारी नाही, फक्त 'खाणवस्ती. आम्ही इथे राहतो.' रस्त्यावरून जाणाऱ्या कंपनीच्या बस थांबत होत्या, लोक खिडकीतून आपापले नातेवाईक शोधत होते. भाऊंचा माणूस दुचाकीवरून दोनदा चक्कर मारून गेला. खाली उतरला नाही.

सव्वादहाला दिग्विजय नावाचा पोरगेलासा सर्वेवाला आला. मागच्या वेळीही तोच होता. दारादारात माणसं उभी बघून गोंधळला. "मॅडम, त्या दिवशी ही सगळी कुठे होती?" म्हटलं, "कामावर. आणि ती चूक तुमची नव्हती, माझी होती." एकसष्टांपैकी अठ्ठावन्न घरं तीन वाजेपर्यंत झाली. दोन कुटुंबं खरंच गावाकडे निघून गेलीत, ती घरं मी खोटी लिहू दिली नाहीत. राहिलं सत्तेचाळीस.

मी दारात उभी. त्याने टॅब बघितला. "फोटोपासधारक धम्मरत्न कुठे आहेत?"

खरं सांगते, 'फर्स्ट शिफ्टला गेलाय, येईल' हे वाक्य मी रात्रीपासून घोकून ठेवलं होतं. तोंडापर्यंत आलं. मग वाटलं, या घरापायी तूही खोटं बोललास, मीही बोलले, पुन्हा कशाला?

"माझा भाऊ आहे. वाकडला राहतो. इथे राहत नाही," मी म्हटलं. "इथे मी राहते. चव्वेचाळीस वर्षं."

दिग्विजयने मान हलवली. "मग मला परत 'वास्तव्य नाही' टाकावं लागेल मॅडम. सिस्टिम दुसरं नावच घेत नाही."

"थांब जरा," मागून आवाज आला. ज्योतीरामभाऊ. पंधरा दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. आदल्या रात्रीची शिफ्ट करून आलेले, डोळे लालबुंद, खुर्ची ओढत आमच्या ओट्यासमोर आणून बसले. "ह्या बाईवर माझा राग हाय. उद्याबी ऱ्हाईल. पर ही इथं ऱ्हात न्हाई, आसं लिवशील तर मी इथून उठणार न्हाई. तुजी सिस्टिम पंचाचं नाव घेतीया का? माजं लिव."

यशोदाबाई परात खाली ठेवून आल्या, "माजं बी लिव, आंगठा घे." मग विजयश्री. मग मागच्या गल्लीतले, त्या गुरुवारी स्टेजसमोरून उठून गेलेले लोकही. कायद्यानं पंच पाच लागतात. दिग्विजयचा कागद संपला, त्याने मागची बाजू उलटली, तीही भरली. बेचाळीस सह्या आणि सहा अंगठे. त्याने साहेबांना फोन लावला, बराच वेळ 'हो सर, हो सर' केलं आणि मग टॅबवर पंचनाम्याचा रकाना उघडून टाइप केलं. मला दाखवलं.

घर क्रमांक ४७. प्रत्यक्ष वास्तव्य: आम्रपाली.

आई गेली तेव्हा रडले त्यानंतर कालच रडले, आणि तेही सगळ्यांसमोर. लाज वाटली नाही.

तेव्हा आता हे घर तुझ्या नावावर नाही, माझ्या नावावर आहे. आबांनी मला द्यायचं ते राहून गेलं होतं, वस्तीने दिलं. तुला मान्य नसेल तर हरकत घ्यायला एक महिना आहे. खुशाल घे. मी दारातच उभी आहे.

फ्लेक्स पावसाळ्यापर्यंत राहील. आमच्या चौकटीतली उजवी बाजू मोकळीच आहे. लोक विचारतात, मी सांगते, एकाला विचारायचं राहिलंय.

पाळणाघरातल्या बाईंशी बोलून मी माझी सुट्टी बदलून घेतली. आता मीही रविवारी कामावर आणि गुरुवारी घरी. तेव्हा यायचं असेल तर गुरुवारी ये, श्रद्धालाही आण, चहा मिळेल. रविवारी आलास तर दाराला कुलूप दिसेल. ते बघून, इथे कुणी राहत नाही, असं समजून परत जाऊ नकोस.

तुझी अक्का